दुरुस्ती हातात, कारखाना पाठीत

आपल्या अंकाच्या मराठी विभागात दरवर्षी कविता, चारोळ्या आणि मेसच्या पोळ्यांवरचे विनोदी लेख भरपूर येतात. मीही ते आवडीने वाचतो. पण यंदा संपादक मंडळाने मला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं, "तुझा सेमिनार झालाय ना, तोच विषय साध्या मराठीत लिहून दे. समीकरणं मात्र नकोत." माझ्या सेमिनारचा विषय होता, 'हातापायाचा मज्जातंतू तुटून पुन्हा वाढत असताना मेरुरज्जूतल्या प्रथिनांत होणारे बदल'. नाव ऐकूनच आमच्या विंगमधले निम्मे लोक झोपले. उरलेल्यांनी विचारलं, "अरे, तू इन्स्ट्रुमेंटेशनचा की मेडिकलचा?" प्रश्न रास्त आहे. पण विषय कळला की पटेल, यात आपल्यासारख्यांनाही पुष्कळ काम आहे. शिवाय बाइकवरून फिरणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा असा आहे.

आधी 'नस' म्हणजे काय ते ठरवू

बोलताना आपण सरसकट 'नस कापली गेली' म्हणतो. मग ती रक्तवाहिनी असो, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असो, की मेंदूचे संदेश नेणारा मज्जातंतू असो. इथे आपल्याला फक्त मज्जातंतूशी कर्तव्य आहे. तो दिसायला पांढरट दोरीसारखा असतो आणि त्याच्या आत हजारो बारीक धागे असतात. एकेका धाग्याला अक्षतंतू म्हणतात. बऱ्याच अक्षतंतूंवर इन्सुलेशनही असतं. ते श्वान नावाच्या पेशी गुंडाळून देतात.

इथपर्यंत तो आपल्या मल्टिकोअर केबलसारखाच वाटतो. फरक असा, की तांब्याची तार मेलेली असते आणि अक्षतंतू जिवंत असतो. तो एका पेशीचा लांबलचक हात आहे. हाताच्या पंजातले स्नायू हलवणारी चेतापेशी पंजात नसते, ती मानेच्या तळाशी, मेरुरज्जूच्या आत बसलेली असते. (मेरुरज्जू म्हणजे मणक्यांच्या पोकळीतून जाणारी मऊ दोरी. पाठीचा कणा म्हणजे तिच्याभोवतीची हाडं. या दोन्हींत गल्लत नको.) स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या पेशी मेरुरज्जूच्या अगदी शेजारी, छोट्या गाठींत असतात.

आता मापं बघा. मोठ्या चेतापेशीचं मुख्य शरीर साधारण ५० मायक्रॉनचं धरू, आणि पायाकडे जाणारा तिचा अक्षतंतू एक मीटरचा. म्हणजे गुणोत्तर झालं १ : २०,०००. ही पेशी आपल्या हॉस्टेलच्या दहा फुटी खोलीएवढी असती, तर तिचा हात साठ किलोमीटर लांब गेला असता. पुण्यात खोली आणि लोणावळ्याच्या जवळपास बोटं! या एका आकड्यात पुढची सगळी गोष्ट आहे.

तुटल्या जागी काय होतं

१८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून पाहिले. कापाच्या पलीकडचा, म्हणजे पेशीपासून तुटलेला भाग काही दिवसांत विरून जातो आणि पेशीला जोडलेला भाग टिकतो, हे त्यांनी दाखवलं. आजही या प्रकाराला त्यांचंच नाव आहे. विरलेल्या भागाचा कचरा श्वान पेशी आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी उचलतात. मग श्वान पेशी ओळीने लागून पोकळ वाट तयार ठेवतात. जिवंत टोकाला कोंब फुटतात आणि ते त्या वाटेने पुढे सरकू लागतात.

म्हणजे सर्जन टाके घालतो तेव्हा तो नक्की काय जोडतो? बाहेरचं आवरण. आतले हजारो धागे एकेक करून जोडणं शक्यच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर तो कंड्युइट पाइपची दोन टोकं समोरासमोर आणून ठेवतो. वायर आतून नव्याने ओढली जायची असते, आणि ती ओढणारी पेशी बसलेली असते पार मानेत.

ही वायर किती वेगाने पुढे जाते? पुस्तकात लिहिलेलं असतं, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. मला हा आकडा खरा वाटला तो माझ्या रूममेटमुळे. खिडकीची फुटकी काच लागून त्याच्या मनगटातला मज्जातंतू कापला गेला होता. टाके निघाल्यावर त्याला डॉक्टरांनी एक चाचणी शिकवली. बोटाच्या टोकापासून मनगटाच्या दिशेने हलक्या टिचक्या मारत यायचं आणि बोटांत मुंग्या उठतात ती पहिली जागा शोधायची. वाढणारी कोवळी टोकं तिथवर पोचलेली असतात. फ्रान्समध्ये टिनेल आणि जर्मनीत हॉफमन या दोघांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना, ही खूण स्वतंत्रपणे नोंदवली. आम्ही दर रविवारी त्या जागेवर बॉलपेनने ठिपका काढायचो, मनगटापासूनचं अंतर पट्टीने मोजायचो आणि ग्राफ पेपरवर मांडायचो. पहिले तीनेक आठवडे ग्राफ जागचा हलला नाही. नंतर मात्र ठिपके जवळजवळ सरळ रेषेत पडत गेले. चढ दिवसाला एक मिलिमीटरपेक्षा किंचित कमी! मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण अठरा सेंटिमीटर धरा. सहा महिने तिथेच झाले.

माल येतो कुठून?

नवा धागा बांधायचा म्हणजे प्रथिनं लागणार. अक्षतंतूत जागेवर थोडीफार प्रथिनं तयार होतात, हे आता माहीत झालेलं आहे. पण मुख्य उत्पादन होतं पेशीच्या शरीरात, म्हणजे मेरुरज्जूत. तिथून माल अक्षतंतूतून वाहत टोकापर्यंत जातो. १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी मज्जातंतू एका जागी आवळून दाखवलं, की आवळलेल्या जागेच्या अलीकडे, पेशीच्या बाजूला, माल तुंबतो आणि अक्षतंतू फुगतो. म्हणजे आत वाहतूक चालू असते.

या वाहतुकीत दोन प्रकारच्या गाड्या आहेत. फास्ट गाडी दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर जाते. तिच्यात पडद्याचे तुकडे, छोट्या पिशव्या असा माल असतो. दुसरी पॅसेंजर, तिचा वेग दिवसाला काही मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. सांगाड्याची प्रथिनं, म्हणजे ट्युब्युलिन आणि ॲक्टिन, या पॅसेंजरने येतात. धागा लांब करायला नेमकी हीच लागतात. म्हणून वाढीचा वेग फास्ट गाडीशी जुळत नाही, पॅसेंजरशी जुळतो. आमच्या ग्राफचा चढ एक मिलिमीटरच्या आसपास का होता, याचं मोठं कारण हे आहे.

मुख्यालयाला बातमी कशी कळते?

तार तुटली लोणावळ्यात आणि इंजिनिअर बसलाय पुण्यात. त्याला कळतं कसं? तीन मार्गांनी.

१. कापला त्या क्षणी विद्युतसंदेशांचा भडिमार होतो आणि कॅल्शियम आत शिरतं. ही झाली तातडीची तार.

२. स्नायू आणि त्वचेकडून एरवी पेशीकडे पोषक प्रथिनांचा पुरवठा सतत येत असतो. तो बंद पडतो. रोज येणारं पत्र आलं नाही, हीदेखील एक बातमीच.

३. कापल्या जागी काही प्रथिनं खास तयार होतात आणि उलट्या दिशेच्या गाडीने पेशीच्या केंद्रकापर्यंत जातात. इम्पोर्टिन नावाचं प्रथिन यात काम करतं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं.

कारखान्यात काय बदलतं

पेशीचा नूर पालटतो, हे जुन्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसलं होतं. १८९२ मध्ये फ्रान्झ निस्ल यांनी सशाच्या चेहऱ्याचा मज्जातंतू तोडून त्याच्या मूळ पेशी पाहिल्या. पेशी फुगल्या होत्या, केंद्रक कडेला सरकलं होतं आणि एरवी दिसणारे गडद ठिपके विरघळल्यासारखे झाले होते. मेरुरज्जूतल्या पेशींतही हेच घडतं. ते ठिपके म्हणजे प्रथिनं बनवण्याची यंत्रणा. पूर्वी अनेकांना वाटे की पेशी मरायला टेकली. खरं तर कारखाना नव्या ऑर्डरसाठी यंत्रांची मांडणी बदलत होता.

आता यादी. ही मोजमापं मुख्यतः उंदीर आणि घुशींएवढ्या पांढऱ्या उंदरांवर झालेली आहेत, कारण माणसाच्या मेरुरज्जूचा तुकडा काढून कोणी मोजू शकत नाही. बहुतेक वेळा मांडीतून जाणारा सायॅटिक मज्जातंतू कापतात आणि कमरेच्या भागातला मेरुरज्जू तपासतात.

वाढतं काय?

• सी-जून आणि एटीएफ-३. ही स्विचसारखी प्रथिनं आहेत, कुठलं जनुक चालू करायचं ते ठरवतात. धडधाकट पेशीत एटीएफ-३ जवळपास सापडतच नाही, मज्जातंतू तुटला की दिसू लागतं. चेतापेशींतलं सी-जून काढून टाकलेल्या उंदरांत मज्जातंतूची वाढ रेंगाळते, हे २००४ मध्ये चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाखवलं गेलं.

• गॅप-४३. नावातच 'वाढीशी निगडित प्रथिन' असा अर्थ आहे. ते वाढत्या टोकाशी जाऊन बसतं. १९८१ मध्ये स्कीन आणि विलार्ड यांनी याचं महत्त्व पुढे आणलं. सशाच्या जिभेचा मज्जातंतू तुटल्यावर पुन्हा वाढतो, तिथे हे प्रथिन वाढलं. डोळ्याचा मज्जातंतू वाढत नाही, तिथे ते वाढलं नाही.

• ट्युब्युलिन आणि ॲक्टिन. हा बांधकामाचा माल.

• पेशी जगवणारं बीडीएनएफ आणि त्याचा ग्राहक रेणू. हे सुरुवातीच्या दिवसांत वाढतात.

घटतं काय?

• न्यूरोफिलामेंट. हे अक्षतंतूला जाडी देतं. आधी लांबी, जाडी मग.

• कोलिन असेटिलट्रान्सफरेज. स्नायूला संदेश देणारं रसायन याच्यामुळे तयार होतं. समोर स्नायूच नाही, तर बोलायचं कोणाशी?

दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. संदेश देणं हा पेशीचा नेहमीचा धंदा तिने बंद केला आणि बांधकाम सुरू केलं. स्नायू पुन्हा जोडला गेला की हळूहळू हे आकडे उलटे फिरतात, आणि पेशी पुन्हा संदेशांच्या कामाला लागते.

शेजाऱ्यांतही हालचाल होते. मेरुरज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी या चेतापेशीभोवती जमतात. तिच्यावर टेकलेली इतर पेशींची कनेक्शन्स काही काळ सुटतात. १९६८ मध्ये ब्लिंझिंगर आणि क्रॉइट्झबर्ग यांनी चेहऱ्याच्या चेतापेशींत हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. ॲस्ट्रोसाइट पेशींत जीएफएपी हे प्रथिन वाढतं. सबमिशनच्या आठवड्यात आपण दार लावतो, मोबाइल बंद करतो आणि मित्रांना 'नंतर ये' म्हणतो, तसाच काहीसा हा प्रकार. कापलेला असतो पाय, आणि घर बदलतं मेरुरज्जूतलं!

हे मोजतात कसं?

हा भाग मला सगळ्यात आवडला. प्रथिनांचं मिश्रण जेलवर आधी विद्युतभारानुसार आणि मग आकारमानानुसार पसरवतात. ओफॅरल यांनी १९७५ मध्ये ही द्विमितीय पद्धत मांडली. चौकोनी जेलवर शेकडो ठिपके उमटतात, आणि जखमी बाजूचा व निरोगी बाजूचा जेल ताडून पाहिला की कोणता ठिपका गडद झाला, कोणता फिका, ते कळतं. मग तो ठिपका कोणाचा, हे मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो. मोठे रेणू न मोडता या यंत्रात घालायच्या युक्त्यांसाठी फेन आणि तनाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला.

सेमिनारला सरांनी विचारलेला प्रश्न इथेही सांगतो. "मेरुरज्जूचा अख्खा तुकडा वाटून मोजलास, तर त्यात जखमी चेतापेशी किती?" फारच थोड्या. बाकीच्या असंख्य पेशींच्या गोंगाटात त्यांचा सिग्नल बुडू शकतो. म्हणून ठरावीक प्रथिनाला रंग देऊन तो नेमका कुठल्या पेशीत दिसतो, हेही बघावं लागतं. शिवाय त्याच प्राण्याची दुसरी बाजू 'निरोगी' म्हणून वापरली, तरी तिच्यातही थोडे बदल होतात. त्यामुळे नुसती चीर देऊन मज्जातंतू न कापलेले प्राणीही तुलनेला ठेवतात. सिग्नल-टू-नॉइज आणि रेफरन्स, हे आपले दोन्ही जुने मित्र इथेही भेटले.

कारखाना निर्णायक कशावरून?

कोणी म्हणेल, पेशीत बदल होतात ठीक आहे, पण त्यांनी खरोखर फरक पडतो का? याचं छान उत्तर १९९९ च्या एका प्रयोगात आहे. मेरुरज्जूशेजारच्या गाठीतल्या स्पर्शपेशीला दोन फांद्या असतात. एक पायाकडे जाते, दुसरी मेरुरज्जूत शिरून वर जाते. पायाकडची तुटली तर पुन्हा वाढते. मेरुरज्जूतली तुटली तर एरवी वाढत नाही. न्यूमन आणि वुल्फ यांनी उंदरांमध्ये पायाकडची फांदी आधी कापली आणि एक-दोन आठवड्यांनी मेरुरज्जूतली इजा केली. या वेळी मेरुरज्जूतली फांदीही जखमेत आणि तिच्यापलीकडे वाढली! एका फांदीच्या जखमेने कारखाना आधीच बांधकामाला लागला होता, त्याचा फायदा दुसरीला मिळाला. वाट कशी आहे यालाही महत्त्व आहेच. पण पेशी कामाला लागलेली नसेल, तर नुसती वाट मोकळी करून भागत नाही.

घड्याळ चालू आहे

आता जो मुद्दा मला खरोखर सांगायचाय तो. ही बांधकामाची अवस्था कायम टिकत नाही. महिनोन्‌महिने जोडणी झाली नाही, तर गॅप-४३ सारख्यांचं उत्पादन ओसरतं. तिकडे श्वान पेशींची वाटही बंद होत जाते आणि स्नायू सुकतो. १९९५ मध्ये फू आणि गॉर्डन यांनी उंदरांवर मोजलं. जोडणी खूप उशिरा केली, तर नुसत्या पेशीच्या थकव्यामुळे स्नायूपर्यंत पोचणाऱ्या पेशी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरल्या. पलीकडची वाट फार काळ रिकामी राहिली, तेव्हा तर आकडा दहा टक्क्यांच्याही खाली गेला.

आता माणसाचा हिशेब मांडा. बाइकवरून पडताना डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला गेला, की मानेतून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं फाटतं. तिथून पंजापर्यंत अंतर सुमारे सत्तर सेंटिमीटर. दिवसाला एक मिलिमीटर म्हणजे सातशे दिवस, जवळपास दोन वर्षं. आणि स्नायू वाट बघतो साधारण वर्ष-दीड वर्ष. गणित जुळत नाही! म्हणून सर्जन अंतरच कमी करतात. दंडातल्या एका चालू मज्जातंतूतले थोडे धागे काढून शेजारच्याच बायसेप्सला जोडायची पद्धत ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रवास काही सेंटिमीटरांवर येतो आणि कोपर वाकू लागतं.

आणि इथे आपली शाखा येते

२००० मध्ये अल-मजेद, ब्रशार्ट आणि गॉर्डन यांनी उंदराच्या मांडीतला मज्जातंतू कापून लगेच जोडला आणि कापाच्या वरच्या बाजूला २० हर्ट्झने फक्त एक तास विद्युतस्पंद दिले. एरवी २५ मिलिमीटर पार करायला सगळ्या पेशींना आठ ते दहा आठवडे लागत, ते काम तीन आठवड्यांत झालं. मग त्यांनी स्टिम्युलेटर आणि मेरुरज्जू यांच्या मध्ये टेट्रोडोटॉक्सिन लावलं. हे फुगू माशातलं विष, ते विद्युतसंदेश अडवतं. परिणाम नाहीसा झाला! करंट लागत होता मांडीत, पण काम होत होतं मेरुरज्जूत. पुढच्या मोजमापांत दिसलं, की त्या पेशींत बीडीएनएफ, गॅप-४३ आणि ट्युब्युलिन यांचं उत्पादन लवकर वाढतं. टोकाचा धावण्याचा वेग तोच राहतो, पण रेंगाळणाऱ्या पेशी एकदमच निघतात. आमच्या ग्राफच्या भाषेत, चढ तोच, सुरुवातीचे सपाट आठवडे कमी. माणसांवर मनगटाच्या कार्पल टनेल शस्त्रक्रियेनंतर केलेल्या अशा चाचणीचे चांगले निकाल २०१० मध्ये, आणि बोटांच्या कापलेल्या मज्जातंतूंचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

२० हर्ट्झ, एक तास. असा स्पंद तयार करणारं सर्किट आपल्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेतही जमतं. (जमतं म्हणून कोणी स्वतःच्या हातावर प्रयोग करू नका, हे सांगायला हवंच!) खरं अवघड काम पुढचं आहे. निर्जंतुक, सुरक्षित आणि परवडणारं उपकरण हवं, जे छोट्या शहरातल्या शस्त्रक्रियागृहातही वापरता येईल. प्रोजेक्टचा विषय शोधत फिरणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मंडळींनी कान टवकारावेत.

तोवर विंगमधल्या सगळ्यांसाठी दोन गोष्टी. काच, मांजा किंवा वर्कशॉपमधल्या पत्र्याने हात कापला, रक्त थांबलं, पण बोट सुन्न आहे किंवा हलत नाही, तर 'होईल हळूहळू' म्हणून परीक्षा संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना "सुन्न आहे" हे शब्द वापरून सांगा. वरची त्वचा आठवड्यात भरून येते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं, पण आतला मज्जातंतू तुटलेलाच राहतो. आणि बाइक सावकाश चालवा. हेल्मेट घालाच, पण मानेतलं ते जाळं हेल्मेट वाचवू शकत नाही. ते वाचतं फक्त वेग कमी ठेवल्याने.

दिवसाला एक मिलिमीटर हा वेग आपल्या हातात नाही. डॉक्टरकडे कधी पोचायचं, ते मात्र आहे.